आईच्या खिडकीवरचे पत्रे

समजा, तुम्हाला घरामागच्या अंगणावर छप्पर घालायचंय. दोन खुर्च्या, एक टेबल, वर पत्रा. ऊन नको, पाऊस नको. काय कराल? टेप काढून लांबी-रुंदी मोजाल, मोबाइलवर चार फोटो बघाल, पत्र्याच्या रंगावरून घरात वाद घालाल. गुण्या तिथे असता तर त्याने तुम्हाला हटकलंच असतं. "टेप राहू द्या हो. आधी खुर्ची आणा आणि बसा."

गुण्या हा लोखंडी कामं करणारा वेल्डर. काटकोन तपासायचं जे अवजार असतं, ते त्याच्या मागच्या खिशात सदैव खोचलेलं, म्हणून त्या अवजाराचंच नाव त्याला चिकटलं. छपरांमध्ये त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवं काम आलं की तो गिऱ्हाइकाच्या अंगणात भर दुपारी खुर्ची टाकून ठाण मांडायचा. ऊन कुठून तोंडावर येतं, वारा कुठून शिरतो, शेजारच्या स्वयंपाकघरातून आपण किती दिसतो, सगळं बसल्या जागेवरून बघायचा. लोक आधी हसायचे, मग चहा आणून द्यायचे.

गल्लोगल्ली त्याची छपरं होती. त्याच्या स्वतःच्या अंगणात मात्र कापलेल्या पाइपांचे तुकडे आणि कुणीतरी परत केलेलं एक फाटक.

"जगाच्या डोक्यावर सावली," बायको म्हणायची, "आणि आमचे कपडे वाळतात तुमच्या भंगारावर."

"होईल गं."

"होईल, होईल. तोवर मी वाळून जाईन."

मग त्याची आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं. मागच्या खोलीत, खिडकीला लागून तिची खाट टाकली. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ खुर्चीत बसवा, बाहेर न्या, माणसात आणा. नाहीतर अशी माणसं आतून मिटत जातात. हे शेवटचं वाक्य गुण्याच्या डोक्यातून जाईना. आईला मिटू द्यायचं नाही. तिच्यासाठी अंगणात छप्पर घालायचं आणि तिला त्याखाली आणून बसवायचं.

त्याने भंगार हलवलं, फरशी घातली. आई जिथे बसणार तिथे खुर्ची टाकून दुपारभर बसला. दुसऱ्यांच्या कामात घ्यायचा त्याच्या दुप्पट काळजी घेतली. खांब ओळंब्यात उभे केले, घराच्या भिंतीला खिडकीच्या वर आडवा पाइप ठोकला आणि पत्र्यांना बाहेरच्या बाजूला ढाळ दिला, म्हणजे पाणी कुंपणाकडे जाईल, आईच्या खोलीत ओल येणार नाही. पाइप कापताना ठिणग्या उडायच्या, तेव्हा आई खिडकीतून बघायची.

"आवाजाचा त्रास होतोय का गं?" तो ओरडून विचारायचा.

"नाही रे. कर तू."

"छान होतंय ना?"

"छान होतंय."

छप्पर झालं त्या दिवशी नवराबायकोने उचलून तिला त्याखाली आणलं. ती बसली. हसलीही. थोड्या वेळाने खुबा ठणकायला लागला, आत नेलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज नको." त्यानंतर रोजच आज नको. आणि दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडणारी ती बाई भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी.

"तुम्ही काही बोललात का त्यांना?" बायकोने विचारलं.

"मी काय बोलणार? तूच काहीतरी लागट बोलली असशील."

"हो, मीच. रोज कूस बदलून देते ना, तेव्हा हळूच टोमणे मारते!"

एके सकाळी अंग पुसायला दोघांनी तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं; बायको तिथेच थांबली. गुण्या चादर बदलत होता. बदलता बदलता तो खाटेवर टेकला आणि मग सरळ आडवा झाला, उशीवर जिथे आईच्या डोक्याने खळगा पडला होता तिथे डोकं ठेवून.

खिडकीत पत्रा होता. नुसता पत्रा. त्याची खालची बाजू, आडव्या पाइपांच्या रांगा, आणि त्याने मोठ्या हौसेने घासून गुळगुळीत केलेले वेल्डिंगचे सांधे. उभं राहिलं की पत्र्याच्या कडेखालून कुंपण दिसायचं, गल्ली दिसायची. आडव्या माणसाला काहीच दिसत नव्हतं. आधी इथून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसत असणार, विजेच्या तारा, आणि उरलेलं सगळं आकाश. आई बसणार तिथे तो दुपारभर बसला होता. ती जिथे दिवसरात्र होती तिथे एकदाही टेकला नव्हता.

त्याच दिवशी त्याने मेहुण्याला बोलावलं आणि शिडी लावली.

"दाजी, नवंकोरं छप्पर उचकटताय?" मेहुणा म्हणाला. "गिऱ्हाईक पळून गेलं की काय?"

"तू पत्रा धर. तोंड बंद ठेव."

खिडकीसमोरचे पत्रे निघाले तसा खाटेवर लख्ख उजेड पडला. आईने डोळे किलकिले करून मान वळवली.

"काय करतोयस रे?"

"आकाश मोकळं करतोय, आई. दिसतंय का आता?"

तिने खिडकीकडे पाहिलं. दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, क्षणभर. "चांगलं होतं की ते," ती म्हणाली. "उगाच मोडलंस." आणि मान पुन्हा भिंतीकडे वळवली.

गुण्या शिडीवरच थांबला. खालून बायकोने विचारलं, "मग? लावताय परत?" मेहुणा पत्रा धरून ताटकळला होता, हात भरून आले होते, पण गुण्याची नजर आईच्या पाठीवरून हलत नव्हती. लेकाच्या कष्टांचा मान राखायचा म्हणून ती तसं म्हणाली होती, की आकाश दिसलं काय न दिसलं काय, तिला आता सारखंच झालं होतं?