लालात चिमूटभर निळा

निनादचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत उभी राहून भांडत होते. इथे आखातात फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता. अल रय्यानमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून काही उत्साही मंडळी अर्जेंटिनाचा भला मोठा झेंडा खाली सोडत होती, आणि तो नेमका माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर आला होता. ‘भाईसाब, इस बिल्डिंग में ब्राझीलवाले भी रहते हैं!’ असं मी वर बघून ठणकावलं आणि त्याच सुरात फोन उचलला. ‘वृंदामावशी, आई गेली,’ निनाद म्हणाला. झोपेतच गेली... टेक्सासमध्ये, त्याच्या घरी. मी आत येऊन बसले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की मघाचं माझं भांडण ऐकून सुमतीताई किती हसल्या असत्या.

सुमतीताई नाशिकच्या. त्यांचे यजमान माधवराव रास लफानच्या गॅस प्लँटमध्ये इंजिनिअर, शिफ्टला बांधलेले, मोजकं बोलणारे. ताई इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायच्या. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या फोडणीचा वास आधी माझ्या घरात यायचा आणि मागून वाटी. नकाशा रंगवण्याबाबत त्या भयंकर कडक होत्या. रंग एकसारखा हवा आणि सीमेबाहेर गेला की मार्क गेले. माझ्या मुलीनं एकदा राजस्थानचा पिवळा गुजरातेत सांडला, तर ‘अगं, वाळवंट आवर तुझं,’ म्हणून तिला पुन्हा रंगवायला बसवलं होतं. निनाद त्यांचा एकुलता एक. तो अमेरिकेत शिकला आणि टेक्सासातल्या एका लहानशा गावात तेलकंपनीत लागला. त्याच्याशी फोनवर त्यांचं पहिलं वाक्य कायम एकच असे, ‘जेवलास का?’

तिथली एक अध्यक्षपदाची निवडणूक आम्ही त्यांच्याच घरी टीव्हीवर पाहिली. अमेरिकेत एका पक्षाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा. ज्या राज्यात जो जिंकतो त्याचा रंग पडद्यावर अख्ख्या राज्याला फासतात. टेक्सास लाल झालं. सुमतीताईंच्या हातातला चहा तसाच निवला. बातम्यांमधून, व्हॉट्सअॅपमधून त्या लाल रंगाबद्दल, तिथे परक्यांना थारा नाही वगैरे, जे जे कानावर येत होतं ते सगळं त्यांना त्या एका रंगात दिसलं. ‘एवढ्या लालभडक मुलखात माझ्या मुलाला विचारणार कोण गं?’ त्या म्हणाल्या. जन्मभर मुलांना नकाशे शिकवलेली बाई, पण तीही नकाशावर विश्वास ठेवून बसली. निनादनं तिथे घर घेतलं, या म्हणून किती वेळा बोलावलं, पण दर वेळी ताईंचे गुडघे दुखत नाहीतर शाळेच्या परीक्षा असत. मग त्यानं बोलावणं सोडलं. फोन यायचा, ‘जेवलास का’ व्हायचं, ‘हो’ व्हायचं, आणि पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. माधवरावांची निवृत्ती जवळ येत होती. नोकरी संपली की इथला मुक्कामही संपतो. मग नाशिक की मुलगा, हा प्रश्न त्या घरात न बोलता बसून असायचा. ताई वाळत चालल्या होत्या.

आमच्या मराठी मंडळींची हिवाळ्यात एक सहल निघायची. जागा हात वर करून ठरायची आणि दरवर्षी दुखानचा समुद्रकिनाराच जिंकायचा. ‘यल्ला, चला, हात वर... झालं, खलास, दुखान!’ की आम्ही गाड्या काढून पश्चिमेकडे. सुमतीताईंना तो वारा सोसायचा नाही. त्या दरवर्षी विरोधात हात वर करायच्या, दरवर्षी मुकाट यायच्या आणि ग्रुप फोटोत पहिल्या रांगेत बसायच्या. त्या वर्षी वाऱ्यानं भेळेत वाळू गेली आणि त्या करवादल्या. तेव्हा माधवराव भेळ खाता खाता शांतपणे म्हणाले, ‘सुमती, फोटो बघून लोक तुला दुखानवालीच म्हणणार.’

‘म्हणतील मेले! मी कधी दुखानला हात वर केलाय?’

‘मग टेक्सासातल्या सगळ्यांनी कुठे केलाय?’

आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. आठवड्याभरात माझ्या दारात येऊन म्हणाल्या, ‘तिकीट काढायला सांगितलंय. दिवाळी निनादकडे.’

तिथून परत आल्या त्या वेगळ्याच. नेमक्या मध्यावधी निवडणुकीच्या गडबडीत त्या पोचल्या होत्या, घराघरांपुढे प्रचाराच्या पाट्या. ‘अगं, शेजारच्या कॅरलच्या अंगणात दोन पाट्या! नवऱ्याची एका पक्षाची, बायकोची दुसऱ्याची. आणि गवत कापायचं यंत्र एकच!’ हे सांगताना त्यांना हसू आवरेना. निनादच्या दारात त्यांनी रांगोळी काढली ती बघायला कॅरल आली आणि दिवाळी होईपर्यंत येतच राहिली. तिची पाटी कुठल्या पक्षाची, ते ताईंनी मला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा अध्यक्षपदाची निवडणूक आली, पुन्हा दिवाळीच्या सुमारास. सुमतीताईंनी आमच्या दोघींच्या दारांमधल्या जागेत अमेरिकेचा नकाशा रांगोळीनं काढला, अगदी वळणावळणासह. सीमा पांढऱ्या, राज्यं टीव्हीवर दिसली तशी लाल नि निळी. मी म्हटलं, सुरेख. तर बाईंनी चिमटीत निळा घेतला आणि सरळ टेक्सासावर भुरभुरला. ‘अहो ताई, मार्क जातील!’ मी ओरडले. ‘जाऊ देत. तू तिकडच्या निळ्यांत लाल टाक. हरलेले काय हवेत विरले का?’ मी वाद घातला, मला वाद घातल्याशिवाय राहवत नाही. टेक्सास वर्षानुवर्षं तिकडेच जातं, मग लाल म्हटलं तर बिघडलं कुठे? त्या उकिडव्या बसल्या बसल्याच म्हणाल्या, ‘जिंकलं कोण ते सांगायला रंग ठीक आहे गं. राहतं कोण ते त्यावरून ठरवू नये. मी ठरवलं, आणि माझ्या पोराला बोलावणं सोडायला लावलं...’ मग मीही गुपचूप निळ्यांत लाल टाकायला बसले. दिवाळी संपल्यावर ती सगळी रांगोळी त्यांनी झाडून न टाकता लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली. पुढच्या वर्षी माधवराव निवृत्त झाले. नाशिक की मुलगा, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. निघताना त्यांनी बरणी माझ्या हातात दिली, ‘तुझ्या दाराला लागेल.’

या दिवाळीत ती उघडली. मला टेक्सास काढता येत नाही, म्हणून साधं आठ पाकळ्यांचं फूल काढलं आणि बरणीतला रंग भरला. धड लाल नाही, धड निळा नाही, धुरकट जांभळा. लेक म्हणाली, ‘आई, इट्स सो डल.’ मी म्हटलं, राहू दे, ताईंचा आहे. खाली रस्त्यावर झेंड्यांच्या गाड्या भोंगे वाजवत फिरत होत्या. रंग भरता भरता निनादचा व्हिडिओ कॉल आला. माधवराव बरे आहेत, म्हणाला. आईला निरोप द्यायच्या दिवशी कॅरल आणि तिच्या नवऱ्यानं अंगणातल्या यंदाच्या निवडणुकीच्या दोन्ही पाट्या काढून ठेवल्या होत्या, कोणी न सांगता. हे तो सांगत होता, तेवढ्यात त्याच्या मागचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची एक उंच बाई हातात झाकलेलं भांडं घेऊन आत आली. मी पडद्यावर आहे हे तिच्या गावीही नव्हतं. भांडं टेबलावर ठेवत, जड जिभेनं, एकेक अक्षर लावत तिनं निनादला विचारलं,

‘जेवलास का?’