टाके बघायला आलेली माणसं

आमच्या घरात अपेंडिक्सची ऑपरेशनं दोन झाली. पहिलं सासूबाईंचं, पोट चिरून; तेव्हा माझा नवरा शाळेत होता. दुसरं माझं, गेल्या हिवाळ्यात, दुर्बिणीतून.

डॉक्टरांनी दोन्ही प्रकार नीट समजावले होते. चिरून केलं तर उजवीकडे मोठा छेद, दवाखान्यात जास्त मुक्काम आणि पुढे बरेच दिवस जपणूक. दुर्बिणीतून केलं तर तीन बारीक भोकं, लवकर घरी, आठवड्याभरात हलकं काम. यातलं ‘हलकं’ तेवढं वगळून बाकी सगळं माझ्या नवऱ्याच्या लक्षात राहिलं.

सासूबाई अडून बसल्या. “चिरूनच करा.”

“आई, आता कोण चिरून घेतं?” नवरा म्हणाला.

“का? मी मेले का चिरून?”

माझ्या पोटात कळ उठत होती, तरी राग आला. इतक्या वर्षांचा हिशेब ही बाई आता सुरीनं चुकता करणार, असं मला वाटलं. मी दुर्बीण म्हणाले.

भवानी पेठेत आमचा कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. मी थापते, सासूबाई भाजून वाळवतात, नवरा दुकानांत पोचवतो. मी घरी आले तशी माणसं भेटायला येऊ लागली. आमच्या गल्लीत आजाऱ्याला ‘कसं वाटतंय’ असं विचारत नाहीत. शहाळं ठेवतात आणि म्हणतात, “टाके दाखव बरं.” मी पदर सरकवायची. तीन चिकटपट्ट्या बघून त्यांचे चेहरे पडायचे.

“येवढंच व्हय?” मंद्रूपहून आलेली चुलतसासू वाकून म्हणाली. “डास चावल्यागत हाय की.”

शहाळं परत नेते की काय, असं मला वाटून गेलं. खोकलं की माझा जीव जायचा. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा ठणकायचा, मांडी घालून बसता येत नव्हतं. पण यातलं काहीच दाखवण्यासारखं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की मला काही झालेलंच नाही. नवरा वाईट नाही, पण चारचौघांचं ऐकतो. “उद्यापासून थोड्या थोड्या थापशील?” त्यानं विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

सकाळी त्यानं परातीत पीठ काढून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं, खोलीचं दार लावलं, जुनं लुगडं फाडलं आणि माझ्या पोटाला वेढे द्यायला लागल्या. बाळंतिणीलाही इतकं बांधत नाहीत. वरून हळदीचा हात फिरवला.

“हे कशाला?” नवऱ्यानं दार लोटून विचारलं.

“भोकं ल्हान हायत म्हणून आत कमी कापलंय व्हय रं? पीठ ठेव डब्यात.”

त्या दिवसापासून भेटायला येणारे खूश होऊन जाऊ लागले. पट्टा बघितला की “अगं बाई गं!” म्हणायचे, मला पडूनच राहा म्हणून बजावायचे. नवरा पाणी हातात आणून द्यायला लागला. भाकरी सासूबाई एकट्या थापायच्या, सावकाश, गुडघा चोळत.

एकदा त्या पट्टा सोडून पुन्हा बांधत होत्या. मी विचारलं, “आत्या, म्हणून चिरूनच करा म्हणत होता का?”

त्यांनी लुगडं जरा खाली सरकवून आपला व्रण दाखवला. लांबलचक, वेडावाकडा.

“ह्यो बघून सव्वा महिना मला कुणी उठीवलं न्हाय. जागेवर ताट यायचं. ह्याच्या बापानं माझी लुगडी धुतली.”

“पण दुखलं असेल की खूप.”

“दुखलं की. लई दुखलं.” त्यांनी गाठ घट्ट केली. “पन काय करायचं, आपेंडिस एकच आसतंय.”