तसबिरीवरचे कुंकू

माझ्या टाइपरायटरला झेंडूचा हार घातला होता. कळांवर हळदकुंकू. शेजारी देवांच्या तसबिरींची रांग, आणि रांगेच्या टोकाला येशूचे चित्र. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा. वकीलसाहेब म्हणाले, "बघ, तुझा देवही आणलाय. आता तरी खूश ना?"

माझे वय पन्नाशीचे. साहेब जेमतेम चाळिशीचे. 'तू' मलाच.

सिल्वासात कचेरीसमोर साहेबांच्या ओसरीवर मी अर्ज लिहितो. शिक्षण नववी नापास. तरीही अर्जाच्या मजकुरात या आवारात माझा हात धरणारा कोणी नाही, हे वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. खंडेनवमीला ओसरीवरच्या सर्व यंत्रांची पूजा होते. दरवर्षी नेमका त्या दिवशी मला ताप येत असे. यंदा मसाटच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून यावे लागले.

आरतीचे ताट माझ्यापुढे धरण्यात आले. मी घेतले नाही.

शेजारचा स्टॅम्पवेंडर, नुसता आरतीवरून हात फिरव म्हणून, कानाशी लागला, "मास्टर, बे मिनिटनी वात छे. हाथ फेरवी दे ने, तारूं शुं जाय छे?"

ज्याच्या कामासाठी आलो होतो, तो नंदुरबारकडचा कामगारही म्हणाला, "मास्टर, तुमना देव इतला नाजूक शे का?"

सगळे हसले. प्रेमाने हसले. त्या प्रेमाचाच मला संताप आला.

इतक्या वर्षांत माझ्या श्रद्धेविषयी एकानेही एक प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर कळले असते, आमच्या चर्चच्या मंडळीत चित्राचीसुद्धा पूजा नसते. माझ्या वडिलांनी राखोलीच्या नदीत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भाऊबंदांनी त्यांना लग्नकार्यात बोलावणे सोडले. एकाच देवाला मानायचे, म्हणून त्यांनी ते सोसले. आणि येथे उपकार म्हणून त्या देवाला रांगेत शेवटची जागा देण्यात आली होती.

मी रुमाल काढला. चित्रावरचे कुंकू पुसले. यंत्रावरचा हार उतरवून, न चुरगळता, साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, आपल्या पूजेत विघ्न आणत नाही. पण ही पूजा माझी नाही. आरती मी करणार नाही."

"अरे, आम्ही सगळे देव मानतो. तुझाही मानतो! तुला आमचा एक मानायला काय होतं?"

"आपण विचारले कुठे, साहेब? परस्पर मानून टाकले."

हशा थांबला. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "जबरदस्ती कोणावर नाही. पण या ओसरीवर मिळूनमिसळून राहणाऱ्यानंच बसावं."

कामगाराचा अर्ज पूर्ण करून दिला आणि मी यंत्र उचलले.

आता रस्त्याकडेच्या भिंतीलगत बसतो. डोक्यावर छप्पर नाही. सायली-मसाटची माणसे ओसरीवरच जातात. ओळखीचे मान वळवून जातात. घरी बायको म्हणते, "ताट नुसतं हातात धरलं असतं तर?" तिला काय सांगावे! रविवारी माझ्याच शेजारी बसून प्रार्थना करते.

काल स्टॅम्पवेंडर कागदात गुंडाळलेला प्रसादाचा पेढा घेऊन आला. म्हणाला, "साहेब कहे छे, आटलो खाई ले. जग्या तारी." एवढा पेढा खाल्ला की ओसरीवरची जागा पुन्हा माझी.

पेढा मी त्याच्या हातावर परत ठेवला. म्हणालो, "साहेबांना सांग, उद्या पाठवला तर उद्याही परत येईल."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. कोणीही थांबलेले नव्हते. तरी मारली.