लगीनसराईत जागणारी गोजराबाय

आमच्या उलव्याच्या पट्ट्यात लग्न ठरलं की आधी धवलारीण ठरते. हॉल, कॅटरर्स, बँजोवाले, ड्रोनवाला हे सगळे नंतर. धवलारीण म्हणजे लग्नात गाणी म्हणणारी बाई, असं बाहेरच्यांना सांगावं लागतं, पण ते अपुरंच आहे. मांडव उभा राहिला की ती धवले म्हणत एकेका देवाला लग्नाला बोलावते. देव झाले की त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, नावानिशी. भटजी येतो, मुहूर्त साधतो, त्याचं त्याच्या जागी. पण आम्हा आगऱ्यांच्या मनात धवलारणीने हाक मारली तेव्हाच लग्न सुरू झालेलं असतं.

माझी सासू गोजराबाय ही अशी धवलारीण. मी तिला आईच म्हणते. मी नवी मुंबईतल्याच पावणे गावची. लग्न होऊन या घरात आले आणि अजूनही पावण्याच्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर खराब माल वेगळा काढून त्याला लाल स्टिकर लावायचा, हे माझं काम. त्यामुळे डोळा बारीक आणि जीभ तिखट झाली आहे, असं माझा नवरा कुंदन म्हणतो. त्याला म्हणू दे.

तर माझ्या या बारीक डोळ्यालाही जे कधी दिसलं नाही, ते सांगते.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की आई वेगळीच व्हायची. आमच्याकडे हळदीला गाव झोपत नाही, धवलारीण तर नाहीच नाही. पण आई सकाळी हळदीवरून घरी येऊन घरातली सगळी भांडी घासायला काढायची. मग एसटी पकडून उरणला माझ्या थोरल्या नणंदेकडे जायची, तिथून मासळी घेऊन यायची, दुपारी पुढच्या लग्नघरी हजर. बोलायची तर अशी की समोरच्याला हूं म्हणायलाही फट मिळू नये. स्वतःची चांगली लुगडी काढून दारावर येणाऱ्या कुणालाही देऊन टाकायची. सगळा गाव कौतुक करायचा. "गोजराबायला थकवा नाय, देवीनी हात ठेवलाय." आम्हीही छाती फुगवून ऐकायचो.

आणि मग पाऊस लागला, लग्नं थांबली की आई थांबायची. नुसती नाही, पार. भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचरायचे नाहीत, जेवायला उठवावं लागायचं, गाणं तर ओठावरही नाही. आम्ही म्हणायचो, सराईभर राबली आहे, पडू दे बिचारीला. आमच्याकडे शेत, मिठागर, मासेमारी, सगळंच हंगामाने चालत आलं. माणूसही हंगामाने चालतो यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात ही गोष्ट लवकर ध्यानात आली असती. आमच्या घरात धवलारीण होती, म्हणून आली नाही.

गेल्या आषाढात मात्र तिचं पडणं फारच खोल गेलं. "मना आता कोनी बोलवू नका, वामनकडं जाऊ दे," असं ती एकदा म्हणाली. वामन म्हणजे माझे सासरे. जुन्या गावात असतानाच गेले. विमानतळासाठी ते गाव उठलं, घरासमोरची टेकडी कापून सपाट केली आणि आम्ही या नव्या वसाहतीत आलो, ते काही त्यांनी पाहिलं नाही. आईचं ते वाक्य ऐकून कुंदन त्याच दिवशी डॉक्टर शोधायला लागला. आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नीट विचारपूस केली, डिप्रेशन आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. आम्ही आषाढात नेली, त्यांनी आषाढच पाहिला. "आधी कधी याच्या उलट झालं होतं का?" असं त्यांनी विचारलंही होतं. आम्ही नाही म्हणालो. आमच्या लेखी ते उलट नव्हतंच, ती लगीनसराई होती.

गोळ्यांनी आई उठली. गणपतीत मोदक वळले, दिवाळीत दारात रांगोळी घातली. पुढची सराई सुरू झाली आणि ती उठतच गेली.

माघात एका सकाळी घरात आई नाही. शोधाशोध चालली असताना कुंदनला फोन आला. विमानतळाच्या गेटवर नऊवारीतली एक बाई हळदीचं ताट घेऊन उभी आहे, मोठ्याने गाते आहे, आणि म्हणते आहे की या टेकडीवरचे देव इथेच राहिले आहेत, पहिलं लग्न विमानाचं लावायचं आहे, मला आत सोडा. आम्ही धावत गेलो. तिथल्या सिक्युरिटीवाल्याचं नाव मिथुन. बिहारचा की कुठला. त्याने आईला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं होतं, पाणी दिलं होतं आणि ताट पडू नये म्हणून स्वतः हातात धरून उभा होता. "अम्मा गा रही थी, तो हमने रोका नहीं," म्हणाला. त्या माणसाचे आभार मानायचे तेव्हा राहूनच गेले. आज मानते. त्याने तिला वेडी म्हटलं नाही.

वेडी म्हणायला आमचे लोक होतेच. भावकीत दोन तट पडले. एक म्हणे, अंगात आलंय, जुन्या गावच्या देवाचं काहीतरी राहिलंय. दुसरा म्हणे, डोक्यावर परिणाम झालाय, आता हिला लग्नाला बोलावू नका. आणि घरात लग्न होतं आमच्या स्नेहलचं, माझ्या धाकट्या नणंदेचं, वैशाखात. स्नेहलने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझ्या मांडवात आईच गाणार. नायतर मी कोर्टात सही करून मोकळी होते."

नेरूळच्या डॉक्टर गीतांजली आम्हाला अशा वेळी भेटल्या. त्यांनी आईला काही दिवस दाखल करून घेतलं, पहिल्या गोळ्या थांबवल्या. थायरॉइड वगैरे तपासून घेतलं, हे दुसऱ्या कशामुळे तर होत नाही ना म्हणून. मी विचारलं, "मॅडम, आईला जे झालंय ते कुठल्या टेस्टमध्ये कळेल?" त्या म्हणाल्या, "टेस्ट नाही हो. माणसाची गोष्ट सुरुवातीपासून ऐकायची, एवढंच आमच्याकडे आहे." मग त्यांनी ऐकली. लग्नाची ऐकली, पावसाची ऐकली. पण आम्ही सांगणारे कोण? सगळे तिचे कौतुकवाले. धवलारीण जागणारच, धवलारीण बोलणारच, असंच आम्ही सांगत राहिलो.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "यांच्याबरोबर गाणारं दुसरं कुणी आहे का? त्यांना घेऊन येता?"

धवले एकटीने म्हणत नाहीत. आईबरोबर तरुणपणापासून चांगुणाबाय गाते. चांगुणाबाय आली ती हॉस्पिटलला घाबरतच, पिशवीत आईसाठी बोंबलाची चटणी घेऊन. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "हळद झाली की सकाळी तुम्ही काय करता?"

"काय करनार?" चांगुणाबाय म्हणाली. "घरी जाते, आरवी होते. पोरी हाका मारतान, मना आयकाला पन नाय येत. दुपारी उठते, पेज पिते, परत झोपते. गला बसलेला असतो ना."

"आणि गोजराबाई?"

चांगुणाबाय माझ्याकडे बघायला लागली. मैत्रिणीची चुगली होतेय असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "सांगा मावशी." मग ती हळूच म्हणाली, "ती नाय झोपत. आठ-आठ दिस नाय झोपत. गला बसतो, तरी बोलते. मी तिला बोलले पन, गो बाय, तुजा आंग दुकत नाय काय? ती हसते. मना तिचा भ्या वाटतो कवा कवा."

एवढी वर्षं ती घाबरत होती आणि कुणी तिला विचारलं नव्हतं. आम्ही आईला तोलत होतो ते कंपनीत जाणाऱ्या, दहाला झोपणाऱ्या माझ्यासारखीशी. तिथे फरक दिसला तरी आम्ही म्हणायचो, ती धवलारीण आहे. एका धवलारणीशेजारी दुसरी धवलारीण बसवली तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी मग आम्हाला समजावलं ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "देवांना हाक मारणं हा आजार नाही. ते चांगुणाबाईही करतात, त्यांच्या आईनेही केलं असेल. तुमच्या समाजात ती रीत आहे. रीत मी आजारात धरत नाही. झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं आवरत नाही, जवळचं सगळं वाटून टाकलं जातं, आणि काही महिन्यांनी तोच माणूस उशीवरून डोकं उचलू शकत नाही. हे पुन्हापुन्हा होतं, तेव्हा त्याला आम्ही बायपोलर म्हणतो. नुसतं खालचं टोक धरून औषध दिलं तर वरचं टोक उसळू शकतं. म्हणून नाव बरोबर असावं लागतं."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे फटकन म्हणाले, "म्हणजे स्टिकर लावलात."

त्या रागावल्या नाहीत. "तुमचा स्टिकर मालाला लागतो आणि माल बाहेर जातो," त्या म्हणाल्या. "हे नाव मी आजाराला देतेय. तुमच्या सासूबाई गोजराबाईच राहणार. आणि पुढे काही वेगळं दिसलं तर हे नावही मी बदलेन." मला गप्प करणारी माणसं थोडी आहेत. त्यांत त्या एक.

आईला मात्र वेगळीच धास्ती पडली होती. थोडी निवल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, "मंग मी येवरी वर्सं गायले, ता सगला आजार व्हता?"

मला वाटलं, बाईला आता रडू येणार. तिची आख्खी हयात त्या एका प्रश्नात होती.

डॉक्टर म्हणाल्या, "पावसाळ्यात तुम्ही गात नव्हतात, तेव्हा धवले विसरलात का?"

"नाय."

"मग ते आजाराने आणले नाहीत आणि आजाराने नेलेही नाहीत. ते तुमचे आहेत."

नव्या गोळ्या रोज घ्यायच्या आणि मधूनमधून रक्त तपासायचं, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. मग तिने अट घातली. "गोली खाईन. रक्त काढाचा त काढ. पन स्नेहलच्या मांडवान मी एक जरी नाव ईसरले ना, त गोली बंद." आणि गोली बंद म्हणजे काय, हे आम्ही गेटवर बघून आलो होतो. भिंतीकडे तोंड केलेलंही बघितलं होतं.

वैशाखापर्यंत माझा जीव टांगणीला. नव्या गोळीने आईचे हात किंचित थरथरायचे, डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण जुळवलं. चालणं सावकाश झालं. ती घरात धवले म्हणून बघायचीच नाही. मी विचारलं तर म्हणायची, "मांडवान बघू." कुंदन तर देवाला हात जोडूनच बसला होता, आणि भावकीतले दोन्ही तट मांडवात पहिल्या रांगेत.

मांडवाच्या दिवशी दुपारी आई हिरवं लुगडं नेसून बसली, शेजारी चांगुणाबाय. सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा उसळणारा नव्हता. खालच्या पट्टीत, निवांत, पाय मोजत चालल्यासारखा. एकेक देव आले. गावदेवी, समुद्र, कापलेल्या टेकडीवरचा वेताळ. मग घरातली माणसं. आजेसासू, चुलते, बाळंतपणात गेलेली जाऊ. आई नाव घेत होती, चांगुणाबाय मागे धरत होती.

आणि आई थांबली.

पहिल्या रांगेतल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. ते मी बघितलं, आणि त्याला तिथल्या तिथे काय वाटेल ते बोलावं असं मला झालं. चांगुणाबायला पुढचं नाव माहीत होतं, पण तिने ते पुरवलं नाही. ओठ घट्ट मिटून ती आईकडे बघत राहिली. स्नेहलने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

मग आईने नाव घेतलं. वामन. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज हलत नव्हता. लेकीच्या लग्नाला ये म्हणून तिने नवऱ्याला बोलावलं, पुढची नावं घेतली, धवला पुरा केला.

नंतर मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "आई, थांबलात का हो?"

"ईसरले नाय गो," ती म्हणाली. "येवरी वर्सं त्याचा नाव घेतला, पन धावत घेतला. थांबाला व्हयाच नाय. आज जरा थांबून घेतला."

ती भात-मासे जेवली, तिने सगळ्यांसमोर पदरातली गोळी काढून खाल्ली, आणि म्हणाली, "जागृती, मना झोप येते."

इतक्या वर्षांत लगीनघरी हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. चांगुणाबाय आत आधीच आडवी झाली होती. तिच्या शेजारी चटईवर आई लवंडली आणि बघता बघता घोरायला लागली. बाहेर बँजोवाल्यांनी वाजवायला घेतलं होतं. मी तशीच अनवाणी धावले आणि त्यांना म्हटलं, थोडा वेळ थांबा रे, आमची धवलारीण झोपली आहे. त्यांनी वाद्यं खाली ठेवली. पहिल्या रांगेतले दोन्ही तट चपला हातात घेऊन दारावरून हळूच गेले. मी उंबऱ्यात बसून त्या दोघींचं घोरणं ऐकत रडले, आणि डॉक्टर गीतांजलींना फोन लावला. "मॅडम," मी म्हटलं, "आई झोपली."