अवेनिदा पावलिस्तावर आई गप्प झाली

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघतानाच आईने ठरवलं होतं, की साव पावलोला पोचल्यावर आधी नितीनची बँक बघायची. नितीन म्हणजे माझा धाकटा भाऊ. आमच्या पार्शे गावात घराघरांत आईने त्याची ब्राझीलमधली बँक मिरवलेली. त्याच्या लग्नाची बोलणीही त्याच बँकेच्या जोरावर चालली होती.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं: पिवळ्या तापाची लस घ्या आणि दाखला पासपोर्टसोबत ठेवा. मुंबईहून पुढे एक विमान बदलावं लागतं, अंग आंबून जातं. पोर्तुगीज येत नाही म्हणून घाबरू नका. आईने पाव मागितला, तर पावच मिळाला.

नितीनने पहिले दोन दिवस सगळं दाखवलं, बँक सोडून. रविवारी म्हणे बँकेत तातडीचं काम, म्हणून सकाळीच गेला. घरीच थांबा असं बजावून. पण अवेनिदा पावलिस्ता हा शहराचा जुना मुख्य रस्ता रविवारी गाड्यांना बंद असतो, असं मी वाचलेलं. आईला घेऊन मेट्रोने निघाले. टॅक्सी टाळा, खिसा रिकामा करते.

स्टेशनातून वर आलो आणि मी आ वासून उभीच राहिले. एकेकाळी इथे कॉफीच्या मळेवाल्यांचे महाल होते. आता दोन्ही बाजूंना उंच काचेच्या इमारती आणि मधल्या रुंद डांबरावर सगळं शहर पायी. कोणी ढोल बडवतंय, आजी-आजोबा नाचतायत, एक बाई कुत्र्याला बाबागाडीतून फिरवतेय. म्हापशात अर्धा तास रस्ता अडवून बघा, काय होतं ते! लाल खांबांवरच्या अधांतरी संग्रहालयाजवळ खाण्याच्या टपऱ्या लागतात. तिथला उसाचा रस चुकवू नका.

आई मध्येच थांबली. हिरवी मिरची आणि बेसन तळल्याचा वास येत होता. कोणीतरी आपल्याकडचाच असणार, म्हणत ती वासामागे निघाली. एका टपरीपुढे रांग होती. कढईमागे, हातात झारा घेऊन, नितीन.

बँकेतली नोकरी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि व्हिडिओ कॉलवर हा टाय लावून बसायचा! त्याने खालमानेने सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून तळतही राहिला.

"भजी तळतंस, ताची माका लाज नाय," आई म्हणाली. "पण माका फटयलंस कित्याक?"

मला का फसवलंस, एवढाच तिचा प्रश्न होता. आईने एक भजं उचललं, उभ्याउभ्या खाल्लं आणि चालू लागली. परत निघेपर्यंत ती त्याच्याशी माझ्यादेखत एक अक्षर बोलली नाही.

फोनमध्ये त्या रस्त्याचे ढीगभर फोटो आहेत. पण डोळे मिटले की मला कढईमागचा त्याचा चेहरा दिसतो.

पार्शेला परत पोचलो त्याच संध्याकाळी शेजारची काकी आली. नितीन मॅनेजर झाला का, तिने विचारलं. गावात काय सांगायचं ते मी विमानातच जुळवून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार, तोच आईने हाताने मला थांबवलं.

"बँक खंयची गो? नोकरी गेली ताची. रस्त्यार भजी तळता. मीठ कमी घालता, तां ताका सांगून इलंय."