ती पंचर आणि माझे चोपन्न मार्क

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगायला म्हणून बसते आणि दुसरंच काही बोलून उठते — तुम्हीही असं कधी केलं असेल. आज उठणार नाही.

आम्ही नवेगाव बांधचे. बाबा तलावात शिंगाडे तोडायचे. ट्रकची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर छाती टेकवून दिवसभर पाण्यात. संध्याकाळी त्यांची बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली, काट्यांनी टोचलेली. आई तेच शिंगाडे उकडून बसस्टँडवर विकायची. सोलून सोलून तिची बोटं काळी. त्या चार हातांनी मला बी.ए. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी मान वर करून सांगते. पुढचं तसं सांगता येणार नाही.

पदवीनंतर मी लिपिकाच्या भरतीची तयारी सुरू केली. गावात समाजमंदिराच्या खोलीत आम्हा मुलामुलींची अभ्यासिका होती. दर रविवारी सराव पेपर — शंभर प्रश्न, शंभर मार्क. उत्तरं वहीत लिहायची, मग उत्तरसूची काढून आपापली वही आपणच तपासायची, आणि आकडा दारातल्या फळ्यावर नावापुढे लिहायचा. ही आमची पद्धत. कोणी कोणाची वही मागत नसे. मागणं म्हणजे संशय घेणं, आणि गावात तेवढी लाज सगळ्यांना होती.

पहिल्या रविवारी मला एक्कावन्न आले. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाढतीन." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी कळलं की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, शिंगाडे घ्यायला येणाऱ्या सगळ्यांना त्यांनी तो आकडा सांगितला होता. एक्कावन्न हा काही सांगायचा आकडा आहे का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी वही तपासताना एक उत्तर चुकलेलं दिसलं. मनात आलं — अगं, हे तर तुला येत होतं, घाईत चुकलं. आणि मी बरोबरची खूण केली. मग आणखी एक. याला खोटं म्हणायचं का? तेव्हा वाटलं नाही. येतच तर होतं! दीड तासाची वेळ संपली तरी राहिलेले चार प्रश्न सोडवून टाकायचे — तेही येतच होते. अठ्ठावन्न झाले, सहासष्ट झाले, पंच्याहत्तर. परीक्षेच्या आधीच्या रविवारी फळ्यावर माझ्या नावापुढे ब्यांशी होते, आणि बाबा पाळीवर म्हणत होते, "पोरगी ब्यांशीवर गेली. आता फक्त टायमावर पोहचवाचा आहे."

परीक्षा गोंदियाला होती. बाबा म्हणाले, रेल्वेचा भरवसा नाही, गाडीनंच जाऊ. जुनी मोटारसायकल होती आमची. पहाटे निघालो, आणि गोरेगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं. बाबांनी हवा भरायचा पंप आणला नव्हता, जास्तीची ट्यूबही नव्हती. आयुष्य ट्यूबवर काढलेला माणूस — तो नुसता चाकाकडे बघत राहिला. मग रस्त्यातच उभे राहून त्यांनी दुधाचे डबे लावलेली एक गाडी हात जोडून थांबवली, मला मागे बसवलं, आणि स्वतः गाडी ढकलत गोरेगावकडे निघाले.

मी वेळेत पोहोचले. हे नीट ऐका. फाटक उघडं होतं. मी जागेवर बसले, पाणी प्यायले, घाम पुसला, आणि त्यानंतर पंधरा मिनिटांनी पेपर हातात आला. एक मिनिटही गेलं नव्हतं.

पण पेपरात गोल काळे करायचे होते. सरावात मी कधी एक गोल रंगवला नव्हता. ऐंशीव्या प्रश्नाजवळ होते तेव्हा घंटा झाली. आणि "येत होतं" असे किती प्रश्न समोर होते! त्यातला एकही तिथे येत नव्हता.

बाहेर आले तर बाबा फाटकाशी उभे. शर्टाला मीठ फुटलं होतं. "भेटला का व टाइम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भेटला. तोवर मी खरंच बोलत होते.

निकाल लागला. चोपन्न.

बाबा अंगणात ट्यूबला ठिगळ लावत बसले होते. आकडा ऐकून म्हणाले, "काऊन व? ब्यांशी येत होते ना?"

किती साधा प्रश्न. उत्तरही साधंच होतं. पण ब्यांशी गावभर फिरून आले होते, आणि मी म्हटलं, "पंचर झाली तवापासून डोकंच जाग्यावर नव्हतं, बाबा. तुमाले वाईट वाटंल म्हणून तेव्हा बोललो नाई."

पाहिलं? नुसतं खोटं बोलले असते तर एक वेळ — मी त्यात माझं मोठं मनही दाखवलं.

त्यांनी हातातलं ठिगळ चिकटवून, अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरलं. मग म्हणाले, "मीच चुकलो. रेल्वेनं न्यायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी पाळीवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीची चूक नाही, माझी आहे. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. नाही विचारलं त्यालाही.

मी अभ्यासिकेत जाणं बंद केलं. घरीच पेपर सोडवायचा, गोल रंगवायचे, घड्याळ वाजलं की पेन खाली, असं ठरवलं. पण तपासायचं कोणी? माझ्या हातावर माझाच भरवसा उरला नव्हता. घरात वाचता येणारं दुसरं कोणी नाही. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला, बरोबर उत्तर जिथे जिथे येतं तिथे अगरबत्तीनं भोकं पाडली आणि कागद आईच्या हातात दिला. आई तो माझ्या पेपरवर ठेवायची आणि भोकातून काळे दिसणारे गोल मोजायची. शिंगाडे मोजते तसे, विसा-विसानं.

पहिल्या दिवशी एका भोकाशी मी म्हटलं, आई, हे मला येत होतं.

"मंग काळा काऊन नाई केलीस?"

वर्षभर मी स्वतःला जे विचारलं नव्हतं ते तिनं न थांबता विचारलं, आणि पुढच्या भोकाकडे गेली. शेवटी म्हणाली, "दोन विसा नि पंधरा. परीक्षेत किती होते?"

"चोपन्न."

तिनं कागद खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "मंग पंचर?"

बाबा मागे गाडी धूत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी म्हटलं, "आणखी एक पेपर घेतो." आईनं पुन्हा कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ही दुसरी वेळ — आणि या वेळी तर फळाही नव्हता, गावही नव्हतं.

पुढच्या परीक्षेला बाबांनी मला आदल्या दिवशीच गोंदियाला नेलं. कुडव्याला मावशीकडे मुक्काम. तिथून केंद्र अगदी जवळ, तरी निघण्यापूर्वी त्यांनी दोनदा चाकं दाबून पाहिली. डिकीत पंप आणि जास्तीची ट्यूब, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. फाटक उघडायच्या दोन तास आधी आम्ही फाटकाशी उभे होतो. त्यांनी पाणी दिलं, मी घेतलं. त्या दोन तासांत मी काय काय बोलू शकले असते?

आईच्या शेवटच्या मोजणीत चार विसा आले होते. परीक्षेत एकोणऐंशी आले.

मी आता देवरीला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं, बाबांनी पाळीवर पेढे वाटले. लोक माझं कौतुक करत होते आणि ते म्हणत होते, "या बारी मी तिले टायमावर पोहचवलो."

ती ट्यूब अजून डिकीत आहे.

पहिल्या वेळीही त्यांनी मला वेळेवरच पोहोचवलं होतं.