एकटाच वारस

पनवेलच्या कोर्टात वकिली करताना माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते "नुसती सही हाय, ताई" या वाक्याने. गेल्या वर्षी जासईकडचे एक काका हेच म्हणत माझ्याकडे आले. वडील वारले होते, जमिनीचा दावा चालू होता. कोर्टात द्यायचं ॲफिडेव्हिट ते बाहेरून टाईप करून घेऊन आले होते. त्यात लिहिलं होतं, मयताचा मी एकटाच वारस.

"बहीण नाही तुम्हाला?"

"हाय ना, चिरनेरला दिलेली. पन ती आता तिकडची."

बोलण्यात लबाडी नव्हती. आमच्या भागात लेक सासरी गेली की सातबाऱ्याच्या आधी ती मनातून पुसली जाते. मला मात्र संताप आला. तो गिळून मी समजावलं, की शपथेवर सांगितलेली गोष्ट खोटी असली, आणि ती खोटी आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असलं, तर तो खोट्या साक्षीचा गुन्हा. तुरुंगवासही होऊ शकतो. नकळत चूक झाली तर गोष्ट वेगळी.

"आणि काका, लग्न झालं तरी मुलगी वारसच असते. कायदाच आहे तसा."

काका भडकलेच. "मंग तुमी सांगलाव कशाला? आतापावेतो मना ठावूक नव्हता!"

मला हसूच फुटलं. पठ्ठ्याला कायदा अगदी बरोबर समजला होता. म्हटलं, "आता दुसऱ्या वकिलाकडे गेलात तरी हे ठाऊक असणं तुमच्यासोबत येणारच."

ते कागद उचलून बाहेर गेले. आता हे दुसरीकडे जाऊन सही ठोकणार आणि त्या बाईचा वाटा जाणार, असं धरून मी बसले. फार वाईट वाटलं. पण काका बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते. थोड्या वेळाने आत आले आणि माझ्यासमोरच त्यांनी बहिणीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"बापासच्या जमिनीचा काम हाय. पनवेलला येशील?"

भावाच्या अशा फोनचा अर्थ आमच्याकडे प्रत्येक बहिणीला कळतो. हक्क सोडल्याची सही करायची, आणि माहेर टिकवायचं.

"येतंय ना, दादूस," ती हळूच म्हणाली. "सही कराला कवा येव?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोडाला नाय, बाय. घ्याला ये."